दोन लाख तीस हजार चाललेली इनोव्हा आणि हाताशी साठ हजार

बेसा, नागपूर इथून एका वाचकाचं पत्र आलं आहे:

"दिवाळीनंतर २०१२ ची २.५ डिझेल इनोव्हा सव्वाचार लाखांना घेतली. मी तिसरा मालक. मीटरवर २ लाख ३० हजार किलोमीटर आहेत. आधीच्या मालकाने 'सगळी कामं वेळेवर केली' असं सांगितलं, पण बिल एकही दिलं नाही. परवा ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली, तर त्याने यादीच हातात ठेवली. टायमिंग बेल्टचा सेट १४ हजार, चार टायर २६ हजार, रेडिएटर-कूलंट-होस पाईप ९ हजार, ब्रेक साडेआठ हजार, ऑइल आणि सगळे फिल्टर ८ हजार, क्लच १६ हजार, सस्पेन्शन १८ हजार, इंजेक्टर १२ हजार, एसी साडेसहा हजार. एकूण १ लाख १८ हजार! माझ्याजवळ जेमतेम साठ हजार आहेत. मे महिन्यात समृद्धीने शिर्डीला जायचं ठरलं आहे. आई, बायको, मुलं, बहीण, भाऊजी धरून आम्ही सात जण. मामा म्हणतात, 'गाडी चालून राहिली ना बे, मंग कायले खोलाले लावतो? खोलली का बिघडली. आन् इनोव्हाले चेन रायते, बेल्ट कोन सांगतला तुले?' दोन टायर २०१७ चे आहेत, पण नक्षी चांगली दिसते. खर्च करू, गाडी विकून टाकू, की आत्ता जाऊन येऊ आणि मग बघू?"

तुमच्या तीन पर्यायांतला शेवटचा आधी बाजूला ठेवू. गाडी आज ज्या अवस्थेत आहे त्या अवस्थेत सात माणसं बसवून मे महिन्यात समृद्धीवर जाऊ नका. बाकी सगळ्यावर बोलता येईल, आणि साठ हजारांत बरंच काही होतं.

मिस्त्रीने तुम्हाला फसवलेलं नाही. त्याच्या यादीतलं एकही काम अशा वयाच्या गाडीला गैरलागू नाही. अडचण एवढीच की त्याने सगळी कामं एकाच रांगेत उभी केली. एसी आणि टायमिंग बेल्ट एकाच कागदावर, एकाच अक्षरात लिहिलेले दिसले की माणूस एकूण रकमेकडे पाहतो, घाबरतो आणि काहीच करत नाही. जुन्या गाड्यांची कामं बहुतेक अशीच थकतात.

बिल नाही म्हणजे काम झालेलं नाही, असं धरून चाला. आधीचा मालक खोटारडा होता असं माझं म्हणणं नाही. त्याच्या 'वेळेवर' या शब्दात फक्त ऑइल बदलणं असू शकतं. तरी एक फेरी जरूर मारा. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला आरसी घेऊन जा आणि चासी नंबरवरून जुना इतिहास विचारा. गाडी त्यांच्याकडे जात होती तोपर्यंतच्या नोंदी मिळू शकतात. त्यात कोणत्या तारखेला मीटर किती होतं हेही कळतं, म्हणजे २ लाख ३० हजार हा आकडा खरा आहे की मागे फिरवलेला आहे, याचाही अंदाज येतो. शेवटच्या नोंदीत मीटर २ लाख ६० हजार निघालं तर पुढचा सगळा हिशोब आणखी तातडीचा होतो.

आता यादी लावायची कशी? प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारा: हा भाग सांगून जातो की न सांगता जातो? क्लच सांगून जातो. आधी जड होतो, मग घसरतो, महिना-दोन महिने कुरकुरतो. शॉकअप सांगून जातात. एसी तर रोज सांगतो. टायमिंग बेल्ट सांगत नाही. म्हातारा टायर सांगत नाही. पाणी शोषलेलं ब्रेक ऑइल उतारावर पायाखालचं पेडल खाली जाईपर्यंत सांगत नाही. तुमचे साठ हजार आधी न सांगणाऱ्यांवर खर्च करा.

सुरुवात बेल्टपासून. मामांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. २०१६ मध्ये आलेल्या इनोव्हा क्रिस्टाच्या २.४ डिझेल इंजिनाला चेन आहे. तुमच्या जुन्या २.५ डिझेलला रबराचा दातेरी पट्टा आहे. नाव एकच असल्यामुळे हा घोळ खूप जणांचा होतो. हा पट्टा पिस्टनला जोडलेल्या खालच्या क्रँकशाफ्टची आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्या वरच्या कॅमशाफ्टची चाल जुळवून ठेवतो, म्हणजे पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह मिटलेले असतात. डिझेल इंजिनात दोघांमधली जागा अगदी थोडी असते. पट्टा तुटला, किंवा नुसते दोन-चार दात जरी सरकले, तरी उघडे व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात आणि वाकतात. मग हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवणं आलं, व्हॉल्व्ह आले, कधी पिस्टनही आले. चौदा हजारांच्या कामाचं बिल लाखाच्या घरात जायला एक सेकंद पुरतो. आणि तो सेकंद गाडी उभी असताना येईल असं नाही. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामा होतो.

पट्ट्याला आवाज नसतो. झाकणाखाली असल्यामुळे तो दिसतही नाही. रबर किलोमीटरने झिजतं तसंच वर्षांनी आणि उष्णतेने कडक होतं. डॅशबोर्डवर टायमिंग बेल्टचा दिवा असेल आणि तो विझलेला असेल, तर त्यावर निर्धास्त होऊ नका. तो दिवा पट्टा पाहून लागत नाही, किलोमीटर मोजून लागतो, आणि पट्टा न बदलताही मीटरवरून शून्य करता येतो. गाडीच्या पुस्तिकेत बेल्ट बदलण्याचं जे अंतर दिलं आहे, ते तुमच्या गाडीने एकदा तर नक्कीच पार केलं आहे. कधी कधी बदलणारा मिस्त्री इंजिनाच्या झाकणावर तारीख आणि किलोमीटर मार्करने लिहून ठेवतो किंवा स्टिकर लावतो. तसं काही सापडलं तर उत्तम. नाही सापडलं तर बदलाच.

बदलताना नुसता पट्टा घालू नका. त्याच्यासोबतचा टेन्शनर (पट्टा ताणून धरणारा) आणि आयडलर बेअरिंगही (पट्ट्याला वाट देणारी पुली) नवीन हवेत. नवा पट्टा आणि जुनं बेअरिंग असा जोड लावला आणि बेअरिंग जाम झालं, तर नवा पट्टा तसाच तुटतो. पार्ट अस्सल घ्या. घाट रोडवर स्पेअर पार्टची दुकानं पुष्कळ आहेत, पण अस्सलसारख्या दिसणाऱ्या डब्यातला नकली माल सगळीकडेच मिळतो. या एका पार्टात हजार-दीड हजार वाचवू नका. कंपनीच्या काउंटरवरून बिलासह घ्या आणि मिस्त्रीला द्या. आणि काम झाल्यावर जुना पट्टा परत मागा. त्याला भेगा पडलेल्या दिसल्या तर मामांना दाखवा.

इंजिनाचा पुढचा भाग उघडलाच आहे तर बाहेरचा फॅन बेल्टही बदलून टाका. या इंजिनात अल्टरनेटर, वॉटर पंप आणि पंखा याच बाहेरच्या बेल्टवर चालतात. तो तुटला की बॅटरीचा दिवा लागतो आणि काही मिनिटांत गाडी हीट होते. खर्च किरकोळ आहे, मजुरीही वेगळी पडत नाही.

आता पाण्याची बाजू. नागपूरच्या गाडीसाठी मी ही टायरच्या बरोबरीने धरतो. २०१३ च्या मे महिन्यात आपल्याकडे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. साध्या उन्हाळ्यातही नवतपाच्या आसपास ४५ काही नवल नसतं. अशा दुपारी एसी चालू, सात माणसं, सामान आणि व्हरायटी चौकातला सिग्नल, एवढं एकत्र आलं की कूलिंगमधली प्रत्येक कसर बाहेर पडते.

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा. आतला द्रव कूलंटच्या रंगाचा स्वच्छ दिसला तर ठीक. गढूळ, तांबूस किंवा नुसतं पाणी दिसलं, तर कुणीतरी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी टाकत आलं आहे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत पांढऱ्या थराने बसतात, आणि आतल्या धातूला गंजही चढतो. कूलंट गंज रोखतं आणि पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढवतं. म्हणून ते उन्हाळ्याचं औषध आहे. 'आपल्याकडे कुठे बर्फ पडते' म्हणून टाळण्याची वस्तू नाही. रेडिएटर बाहेर काढून धुवून घ्या, होस पाईप दाबून बघा, कडक किंवा फुगलेले असतील तर बदला, आणि रेडिएटरचं झाकण नवीन घ्या. झाकणाच्या आत स्प्रिंग असते, ती दाब धरते आणि त्या दाबामुळे कूलंट उशिरा उकळतं. मोठमोठे पार्ट बदलले जातात आणि हे झाकण मात्र बारा-बारा वर्षं तेच असतं.

मिस्त्रीला एक प्रश्न विसरू नका: थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप, जागेवर आहे का? आपल्या भागात 'इथे गरमीच इतकी आहे, याचं काय काम' म्हणून तो काढून टाकायची सवय पुष्कळ गॅरेजांत आहे. तो नसला की हिवाळ्यात आणि मोकळ्या रस्त्यावर इंजिन हवं तेवढं तापतच नाही, डिझेल जास्त जातं, झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो. तो काढला की थोडं कूलंट रेडिएटरला न जाता परस्पर फिरत राहतं, म्हणजे थंड करायला केलेला उपायच गाडी तापवतो.

तुमच्या इनोव्हाचा मोठा पंखा इंजिनावर चालतो. त्याच्या मध्यभागी सिलिकॉन तेलाने भरलेली कपलिंग असते. तेल गळून गेलं की पंखा फिरतो, पण जोर लावत नाही. हायवेवर समोरून वारा मिळतो म्हणून कळत नाही, सिग्नलला मात्र काटा वर जातो. इंजिन गरम असताना बंद करून, किल्ली काढून, पंखा हाताने फिरवून बघायला सांगा. थोडा अडला पाहिजे. मोकाट फिरला तर कपलिंग गेली. आणि रेडिएटरच्या पुढे एसीची जाळी असते, तिच्यात धूळ आणि किडे अडकलेले असतात. पाण्याच्या हलक्या धारेने ती धुऊन घ्या. एसीचा अर्धा त्रास तेवढ्यानेच कमी होतो, असं पुष्कळदा दिसतं.

तापमानाच्या काट्याबद्दल घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला सांगून ठेवा. बऱ्याच गाड्यांत काटा मधोमध राहावा असाच बसवलेला असतो, थोड्याफार चढउताराने तो हलत नाही. म्हणून तो मध्याच्या वर जाताना दिसला, तर वेळ आधीच कमी उरलेली असते. एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा, बाजूला घेऊन थांबा. झाकण उघडू नका, थंड पाणी ओतू नका. 'पुढच्या पंपापर्यंत जाऊ' या विचारात हेड वाकतं.

टायरवर थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमचं 'नक्षी चांगली आहे' हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं. नक्षीने टायरची झीज कळते, वय कळत नाही. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. १४१७ म्हणजे २०१७ सालचा चौदावा आठवडा. टायर कंपन्याच सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी काढावा. हा सल्ला सगळ्या जगासाठी आहे. आपल्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा टायर मी दहा वर्षं वाट पाहून काढणार नाही. बाजूच्या भिंतीवर आणि नक्षीच्या खाचांत बारीक भेगा दिसतात का बघा.

समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. रस्ता सरळ, काँक्रीटचा, कारसाठी वेगमर्यादा ताशी १२०. शहरात चाळीस-पन्नासने फिरणारा टायर इथे तासन्‌तास एकाच वेगात, तापलेल्या काँक्रीटवर, पूर्ण भाराखाली पळतो. त्यात हवा कमी असेल तर प्रत्येक फेरीला टायरची भिंत जास्त वाकते, वाकण्याने आतून तापते, आणि थर सुटायला लागतात. उन्हाळ्यात हवा फुगते म्हणून आधीच चार-पाच पॉइंट कमी भरायची जी पद्धत आपल्याकडे आहे, ती नेमकी उलटी आहे. कमी हवेचा टायर जास्त तापतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतं, त्यावर भरलेल्या गाडीसाठी दिलेला आकडा पाहा आणि तेवढीच हवा सकाळी टायर थंड असताना भरा. वाटेत तापलेल्या टायरमधून हवा काढू नका.

चार टायरचे २६ हजार आज जमत नसतील तर दोन घ्या, तेरा हजार. २०१७ चे दोन्ही काढा. नवे दोन मागे लावा आणि उरलेल्यांतले बरे पुढे. नवे टायर पुढेच लावावेत असा आग्रह बरेच जण धरतात. पण मागची चाकं सुटली तर गाडी फिरते आणि सामान्य चालवणाऱ्याला ती सावरत नाही, पुढची घसरली तर निदान ती सरळ जाते. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली लटकलेली असते, ती कुणी बघत नाही. तीही उतरवून तिचे आकडे वाचा. ती २०१२ चीच निघाली तर काढलेल्या दोघांतला कमी भेगांचा टायर तिथे ठेवा. तो फक्त जवळच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत, हळू जाण्यापुरता.

आणि १२० ही मर्यादा आहे, गाठायचा आकडा नव्हे. तुमच्या गाडीने, सात माणसांसह, ९० ते १०० च्या मध्ये राहा. शिर्डीला तासभर उशिरा पोहोचाल.

ब्रेकमध्ये पुढे पॅड, मागे ड्रममध्ये शू. ते झिजले तर मिस्त्री बदलेलच. तुम्ही आग्रह धरायचा तो ब्रेक ऑइलचा. हे तेल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रतीचं ताजं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषल्यावर हीच किमान मर्यादा १४० पर्यंत खाली येते. लांब उतारावर, चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना समजा, ब्रेक तापले आणि तेल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. पेडल दाबलं तर बुडबुडे दबतात, ब्रेक लागत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ते पूर्ण काढून नवीन भरायचं असतं. वरच्या डबीत थोडं टाकलं म्हणजे बदललं असं होत नाही. चारही चाकांपाशी जुनं निघून स्वच्छ तेल यायला लागेपर्यंत हवा काढायला सांगा, आणि समोर उभे राहा.

ऑइल आणि फिल्टरचे आठ हजार रास्त आहेत. फक्त एक सांगतो. कुणी 'इंजिन फ्लश' करून देतो म्हणालं तर नको म्हणा. ज्या इंजिनाचा इतिहास माहीत नाही त्याच्या आत काळा गाळ असू शकतो. तो एकदम सुटला तर ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो आणि इंजिन कोरडं पडतं. त्यापेक्षा चांगलं ऑइल घाला, ते तीन हजार किलोमीटरला काढून टाका, पुन्हा नवीन फिल्टरसह भरा. हळूहळू साफ झालेलं इंजिन सुरक्षित. डिझेल फिल्टर बदलताना तळाचं पाणी काढतात ना बघा. गिअरचं आणि मागच्या डिफरेन्शियलचं (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचं) ऑइलही याच फेरीत बदला, ही दोन तेलं गाडी विकेपर्यंत तशीच राहतात.

इथपर्यंतचा हिशोब: बेल्ट १४,०००, कूलिंग ९,०००, ब्रेक ८,५००, ऑइल-फिल्टर ८,०००, दोन टायर १३,०००. एकूण ५२,५००. हातात साडेसात हजार उरतात. त्यातून फॅन बेल्ट आणि दोन्ही गिअर ऑइलं काढा, आणि उरलेले सस्पेन्शनमधल्या एकाच गोष्टीसाठी राखून ठेवा. गाडी जॅकवर घ्या आणि खालचे बॉल जॉइंट व टाय रॉड एंड (पुढच्या चाकांना सस्पेन्शन आणि स्टिअरिंगशी जोडणारे सांधे) हलवून बघायला सांगा. खालचा बॉल जॉइंट निसटला तर पुढचं चाक आडवं पडतं. तो ढिला असेल तर तेवढाच बदला आणि अलाइनमेंट करून घ्या. बुश, लिंक रॉड, शॉकअप खडखड करत असतील तर करू द्या. शॉकअपमधून तेल गळत नसेल आणि टायर एका बाजूने खाल्ला जात नसेल, तर अठरा हजारांचं पूर्ण काम पावसाळ्यानंतर.

क्लच आत्ता नको. रिकाम्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० ला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज झपकन वाढला आणि गाडी मागे राहिली तर क्लच घसरतोय. दोन्ही सोबत वाढले तर तो अजून चालेल. इंजेक्टरही नकोत. गाडी सकाळी एका दमात सुरू होते, काळा-पांढरा धूर नाही, उभी असताना थरथरत नाही, तर ते काढायचं कारण नाही. शंका असेल तर आधी स्कॅनर लावून आणि लीक-ऑफ टेस्ट (इंजेक्टरमधून किती डिझेल परत जातं ते मोजणारी तपासणी) करून कुठला इंजेक्टर कमकुवत आहे ते दाखवायला सांगा.

मामांची 'खोलली का बिघडली' ही भीती इथे खरी ठरते. लक्षण नसताना इंजेक्टर, हेड, गिअरबॉक्स उघडू नये हे मला पूर्ण मान्य आहे. चांगलं बसलेलं सील पुन्हा तसंच बसेल याची खात्री कुणी देत नाही. पण पट्टा, टायर, तेल आणि कूलंट बदलणं म्हणजे इंजिन खोलणं नाही. मामांना हा फरक सांगून बघा. गाड्या जवळून पाहिलेला माणूस असेल तर त्यांना तो पटेल.

विकायचा विचार करू नका, निदान याच कारणासाठी नाही. आज विकाल तर समोरचा हीच यादी पुढे करून किंमत पाडेल, आणि सव्वाचार लाखांत तुम्हाला मिळणारी दुसरी सात सीटची गाडीही बिलांशिवायच येईल. मात्र एक तारीख डोक्यात ठेवा. २०१२ च्या गाडीच्या नोंदणीला २०२७ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण होतात. पुढे चालवायची तर आरटीओत फिटनेस तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. त्याचं केंद्राचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून कारसाठी ६०० वरून ५,००० रुपये झालं आहे, शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांबद्दल बातम्यांत येतं ते दिल्ली परिसराचं आहे, नागपूरला लागू नाही. त्यामुळे राहिलेले दोन टायर, सस्पेन्शन आणि लागला तर क्लच ही कामं त्या तपासणीच्या आधी करायची ठेवा. यंदाच्या साठ हजारांनंतर उरलेली यादी दर महिन्याला चार-पाच हजार बाजूला टाकून सहज उरकेल.

सगळी कामं निघायच्या किमान तीन आठवडे आधी संपवा. आदल्या दिवशी गॅरेजमधून आणलेली गाडी लांबच्या प्रवासाला नेऊ नये. ढिला राहिलेला क्लिप आणि न आवळलेला बोल्ट पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्येच कळतात. एका रविवारी घरच्यांना घेऊन रामटेकला जाऊन या, एसी चालू ठेवून. परत आल्यावर दुसऱ्या सकाळी थंड इंजिनावर कूलंटची पातळी पाहा, गाडीखाली डाग पडलाय का बघा, टायर बदललेल्या चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या. पातळी उतरली असेल तर गळती शोधल्याशिवाय निघू नका.

समृद्धीवर गाडी बंद पडलीच तर गाडीत बसून राहू नका. डाव्या कडेला घ्या, इंडिकेटर लावा, त्रिकोण बराच मागे ठेवा, आणि आईंसह सगळ्यांना कठड्यापलीकडे उभं करा. पाण्याचे दोन कॅन आणि आईंसाठी छत्री गाडीत असू द्या, सावली तिथे मिळणार नाही.

आणि काही कारणाने बेल्ट, कूलंट आणि ते दोन टायर तारखेच्या आत झाले नाहीत, तर दर्शन पुढे ढकलू नका, गाडी घरी ठेवा. ट्रॅव्हल्सची किंवा रेल्वेची सात तिकिटं काढा आणि त्या दोन दिवसांसाठी इनोव्हा मिस्त्रीकडे सोडून जा.